चुकीचे इंधन पडले, तर गाडी सुरू होऊ देऊ नका : मराठवाड्यातील पेट्रोल पंपचालकांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील पेट्रोल पंपांचे मालक, व्यवस्थापक आणि नोझलवर काम करणारे कर्मचारी बंधू-भगिनी यांस,

विषय : गाडीत चुकीचे इंधन भरले गेल्यास पंपावर करावयाची व्यवस्था.

सप्रेम नमस्कार.

डिझेल गाड्यांमधले इंधन-पंप आणि इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर दुरुस्त करणे हा परभणीत माझा व्यवसाय आहे. डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले जाण्याची जी चूक पंपांवर अधूनमधून होते, तिचा शेवट बहुधा आमच्यासारख्यांच्या टेबलावर होतो. आमच्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या पंपावरच थांबवता आल्या असत्या, हे त्या उघडल्यावर स्पष्ट दिसते. टाकीत चुकीचे इंधन पडले, तरी ते तेथेच थांबलेले असेपर्यंत गाडीला फारसे काही होत नाही. टाकी उपसणे, फिल्टर बदलणे आणि मजुरी एवढ्यावर, म्हणजे काही हजारांत, प्रकरण मिटते. तेच इंधन चावी फिरवल्यावर पुढे सरकले आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर धावली, तर डिझेलला प्रचंड दाब देणारा हाय-प्रेशर पंप, ते दाबलेले डिझेल इंजेक्टरपर्यंत पुरवणारी ‘कॉमन रेल’ ही नळी आणि चारही इंजेक्टर मिळून खर्च लाखाच्या घरात किंवा त्यापलीकडे जातो. हा फरक आपल्या आवारात, नोझल परत अडकवल्यापासून गाडी सुरू होईपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत ठरतो. त्यामुळे या पत्रात ग्राहकांना उपदेश करण्याऐवजी आपल्यालाच विनंती करीत आहे.

परदेशांत पुष्कळ ठिकाणी गाडीवाला स्वतः इंधन भरतो आणि चूक झाली तर ती सर्वस्वी त्याची असते. आपल्याकडे नोझल कर्मचाऱ्याच्या हातात असते आणि गाडीवाला बहुधा काच अर्धी खाली करून ‘दोन हजारांचे टाका’ किंवा ‘फुल करा’ एवढेच बोलतो. कशाचे, हे कोणी बोलत नाही आणि कोणी विचारतही नाही. पूर्वी त्याची गरजही फारशी पडत नसे, कारण गाडीच्या तोंडावळ्यावरून इंधन ओळखता येत असे. स्कॉर्पिओ म्हणजे डिझेल, इनोव्हा म्हणजे डिझेल, टॅक्सीची डिझायर म्हणजे डिझेल, हा हिशोब नोझलवरच्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या हातात बसलेला आहे. आता तो चालत नाही. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे बंद केले, पण त्याआधीच्या डिझेलच्या डिझायर आणि स्विफ्ट आजही बीड-लातूरच्या रस्त्यांवर धावत आहेत. थार २०२० पासून आणि स्कॉर्पिओ-एन २०२२ पासून पेट्रोलमध्येही मिळते. इनोव्हाची क्रिस्टा बहुधा डिझेलची असते, पण काही जुन्या क्रिस्टा पेट्रोलच्याही आहेत, आणि हायक्रॉसला डिझेल इंजिन मुळीच नाही. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या असतात आणि दोघींचे अन्न वेगळे असते.

त्यात भर म्हणजे डिझेलच्या नोझलची नळी जाड असते आणि पेट्रोलच्या नोझलची बारीक. त्यामुळे अरुंद तोंडाच्या पेट्रोल गाडीत डिझेलचे नोझल सहसा नीट बसत नाही आणि चूक वेळीच उघडी पडते. उलट डिझेल गाडीच्या रुंद तोंडात पेट्रोलचे बारीक नोझल अलगद जाते, कुठेही अडत नाही. जी चूक अधिक घातक, तिलाच अडवणारे काही नाही, अशी ही विचित्र स्थिती आहे. नोझलच्या रंगावर विसंबावे, तर रंग कंपनीगणिक बदलतात आणि प्रीमियम इंधनाचा रंग आणखी निराळा असतो. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला इंधनाचे नाव लिहिलेले असते, परंतु आपल्या धुळीत ते स्टिकर वर्ष-दोन वर्षांत वाचण्याजोगे राहत नाही.

पेट्रोलने डिझेल गाडीचे नेमके काय होते, हे नोझलवरच्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे, कारण त्यामागचे कारण समजले की नियम पाळावासा वाटतो. आजच्या कॉमन रेल गाडीत हाय-प्रेशर पंप डिझेलला सोळाशे ते दोन हजार बारच्या आसपास दाबतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब सव्वादोन बारच्या जवळपास असतो, त्यावरून या दाबाची कल्पना यावी. हा दाब निर्माण करणाऱ्या पंपाच्या आत वेगळे ऑइल नसते. जे डिझेल तो दाबतो, त्याच डिझेलच्या तेलकटपणावर त्याचे पोलादी भाग एकमेकांवर सरकतात. पेट्रोलमध्ये हा तेलकटपणा नाही, शिवाय ते उत्तम विद्रावक असल्यामुळे उरलेसुरले डिझेलही पृष्ठभागावरून धुऊन काढते. वंगण न घातलेल्या कण्यावर बैलगाडीचे चाक फिरवावे, तसे मग पंपाचे भाग एकमेकांना खाऊ लागतात. अशा गाडीच्या फिल्टरमधले डिझेल आम्ही पांढऱ्या फडक्यावर ओततो आणि ते फडके उन्हात धरतो, तेव्हा त्यावर बारीक चंदेरी भुकटी चमकताना दिसते. ती भुकटी म्हणजे झिजलेला पंप असतो. हीच भुकटी रेलमधून इंजेक्टरच्या टोकाशी पोचते, जेथील छिद्रे मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या भागाएवढी असतात. शिवाय इंजिनात न गेलेले जादा डिझेल रिटर्न लाइनने पुन्हा टाकीत येत असल्यामुळे भुकटी टाकीतही उतरते. म्हणून केवळ पंप बदलून भागत नाही. टाकी, लाइन आणि रेल सगळे धुवावे लागते, आणि जो मिस्त्री ते टाळतो त्याने बसवलेला नवा पंपही पुन्हा खराब होतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ (प्रदूषण नियंत्रणाचे सरकारी मानक) डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग एवढे खाली आणले गेले आहे. हवेसाठी ते चांगलेच झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक तेलकटपणाही जातो आणि तो वेगळे रसायन मिसळून भरून काढावा लागतो. म्हणजे आजच्या डिझेलकडे पेट्रोलची भेसळ सोसण्याजोगी शिल्लक फार नाही. आपल्या पंपांवर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ज्यात आपल्याच भागातील साखर कारखान्यांचाही वाटा आहे. ते पाणी ओढून घेते आणि पाणी हा इंजेक्टरचा दुसरा शत्रू आहे.

येथे एका जुन्या सल्ल्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण आमच्या अनुभवात सर्वाधिक नुकसान त्याने केले आहे. चूक लक्षात आली की पंपावर कोणीतरी अनुभवी माणूस पुढे येतो आणि म्हणतो, ‘काही होत नाही, पाचच लिटर पडलंय, वरून डिझेलनं फुल करा आणि हळूहळू जा.’ हा सल्ला देणारा खोटे बोलत नसतो. जुन्या जीपला, जुन्या मेटाडोरला, ट्रॅक्टरला असे मिश्रण चालून गेलेले त्याने स्वतः पाहिलेले असते. त्या इंजिनांचे पंप कमी दाबाचे होते, त्यांच्या भागांत जागा मोकळी होती आणि काही पंपांना इंजिन ऑइलचेच वंगण मिळत असे. अतिथंड देशांत डिझेल गोठू नये म्हणून थोडे पेट्रोल मिसळण्याची मुभा काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांतही होती. परंतु कॉमन रेल आल्यावर तो काळ संपला. आजच्या गाड्यांच्या पुस्तिका थोडेसेही पेट्रोल पडल्यास इंजिन सुरू न करता टाकी रिकामी करण्यास सांगतात. किती लिटरपर्यंत चालेल, हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो. त्याचे उत्तर गाडी, टाकीतील शिल्लक आणि नशीब या तिन्हींवर अवलंबून असल्यामुळे, ते पंपावर उभे राहून कोणी देऊ नये.

आता प्रत्यक्ष काय करावे ते. चूक लक्षात येताच नोझल बंद करावे आणि कर्मचाऱ्याने गाडीवाल्याच्या खिडकीशी जाऊन पहिले वाक्य बोलावे : ‘साहेब, गाडी सुरू करू नका.’ क्षमा, कारण, मालकाला फोन, हे सगळे त्यानंतर. गाडीवाला चिडेल आणि चिडून चावी फिरवून गाडी बाजूला घ्यायला जाईल, म्हणून हे वाक्य सर्वांत आधी यावे. चावी ‘ऑन’ करणेही टाळले पाहिजे, कारण अनेक गाड्यांत इंजिन सुरू होण्याआधीच टाकीतील पंप चालू होऊन इंधन पुढच्या लाइनमध्ये ढकलले जाते. काही गाड्यांत तर चालकाच्या बाजूचे दार उघडले तरी हा पंप काही क्षण चालतो. त्याने फारसे बिघडत नाही, पण दार पुन्हा पुन्हा उघडझाक करू नये.

इंजिन सुरू न करता गाडी नोझलपासून हलवायची कशी, हा खरा अडचणीचा भाग आहे. चावीच्या गाडीत चावी एका घरापुरती, म्हणजे ‘ॲक्सेसरी’वर फिरवली की स्टिअरिंगचे लॉक सुटते. मग गिअर न्यूट्रलला आणून तीन-चार जणांनी गाडी ढकलता येते. बटनाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटन एकदाच दाबल्यास बहुतेक गाड्या ‘ॲक्सेसरी’वर येतात, दुसऱ्यांदा दाबले की ‘ऑन’ होतात आणि ब्रेक किंवा क्लच दाबून दाबले की इंजिनच सुरू होते, म्हणून पाय वर ठेवण्यास सांगूनच बटनाला हात लावू द्यावा. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड जाते आणि ब्रेकही दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा होतो. त्यामुळे उताराच्या बाजूला गाडी ढकलू नये आणि सोबत चाकाला लावायला लाकडी ठोकळा किंवा वीट घेऊन एक माणूस असावा. ऑटोमॅटिक गिअरची किंवा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकची गाडी बळेच ढकलण्याच्या भानगडीत पडू नये; ती तेथेच ठेवावी, ते नोझल बंद करावे आणि टो व्हॅन बोलवावी. अर्धा तास एक डिस्पेन्सर अडला, तर त्यात पंपाचे फार जात नाही.

टाकी पंपाच्या आवारात उपसू नये. आपल्या परवान्याच्या अटी आपण माझ्यापेक्षा चांगल्या जाणता. पेट्रोलियम नियमांखाली ज्या संस्थेकडून परवाना मिळतो, तिचे मुख्यालय नागपुरातच आहे. पेट्रोल मिसळलेले डिझेल हाताळताना लोक त्याला डिझेलच समजतात, यातच धोका आहे. डिझेलच्या वाफेने पेट घ्यावा यासाठी मानकानुसार किमान ३५ अंश तापमान लागते, तर पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटू शकते. डिझेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले की ते मिश्रण पेट्रोलच्याच जातीचे होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसते आणि गॅरेजमधल्या खड्ड्यात साचते. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा तर हे काम खड्ड्यावर किंवा बंद शेडमध्ये करणे म्हणजे संकटाला बोलावणे आहे. नळी तोंडाने ओढून इंधन काढण्याची आपल्याकडची सर्रास पद्धत तर बंदच व्हायला हवी. घोट पोटात गेला तर जेवढे होते त्यापेक्षा तो फुफ्फुसात उतरला तर फार वाईट होते, आणि असा घोट गेलेल्या माणसाला उलटी करायला न लावता दवाखान्यात न्यावे लागते. नव्या गाड्यांच्या तोंडाशी झडप असल्यामुळे नळी टाकीपर्यंत पोचतही नाही. टाकी खालून किंवा मागच्या सीटखालच्या पंपाच्या झाकणातून, मोकळ्या जागेत, धातूच्या भांड्यात, बॅटरीची तार काढून आणि जवळपास वेल्डिंग किंवा विडी नसताना रिकामी करावी.

आपल्या भागात दर तालुक्याला टो व्हॅन नाही, हे मला माहीत आहे. औंढा, गंगाखेड किंवा भूमच्या बाजूला रात्री गाडी अडली, तर ओढून नेण्यासाठी दुसरी गाडी आणि पट्टाच शोधावा लागतो. म्हणून माझी विनंती अशी की प्रत्येक पंपाने आपल्या परिसरातील टाकी उतरवू शकणारा एक मिस्त्री आणि गाडी ओढून नेऊ शकणारा एक वाहनधारक आधीच ठरवून ठेवावा आणि त्यांचे क्रमांक कॅबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावावेत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक चालतो. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या पंपांनी तो कर्मचाऱ्यांना पाठच करून द्यावा.

गाडी पंपावरून निघून गेल्यानंतर चूक लक्षात आली, तर प्रकरण संपले असे समजू नये. डिझेल गाडीच्या लाइनमध्ये आणि फिल्टरमध्ये जुने डिझेल शिल्लक असते, त्यामुळे ती काही अंतर नीट धावते. मग इंजिनाचा आवाज कडक होतो, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ लागत नाही, धूर येतो, चेक-इंजिनचा दिवा लागतो आणि शेवटी गाडी बंद पडते. या अवधीत गाडीवाल्यापर्यंत निरोप पोचला तरी बरेच वाचते. आपल्या कॅमेऱ्यात गाडीचा क्रमांक असतो, नेहमीच्या ग्राहकाचा फोन बहुधा आपल्याकडे असतो, आणि पुढच्या टोल नाक्यावर किंवा पुढच्या गावातील पंपावर फोन करून ‘या क्रमांकाची गाडी थांबवा’ एवढे सांगणे अवघड नाही. बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे हे मात्र सर्वांत घातक, कारण प्रत्येक सेल्फबरोबर कोरडा पंप फिरतो. गाडीवाल्याला फोनवर पहिली सूचना हीच द्यावी.

पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडले, तर नुकसान तुलनेने कमी असते. प्लग काळे पडतात, गाडी धूर सोडते, अडखळते किंवा सुरूच होत नाही आणि जास्त वेळ चालवल्यास सायलेन्सरमधला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. टाकी व लाइन धुऊन प्लग बदलल्यावर बहुतेक गाड्या पूर्ववत होतात. नियम मात्र तोच, गाडी सुरू करू नये.

ट्रक आणि टेम्पोच्या बाबतीत आणखी एक नवी चूक वाढत आहे, ती डीईएफची, म्हणजे गाडीचा धूर शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या द्रवाची. बीएस-६ च्या पुष्कळ मालवाहू गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी लहान टाकी असते आणि तिच्यात ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध पाणी भरावे लागते. हे द्रव आपल्या पंपांवर वीस लिटरच्या बादल्यांतून विकले जाते. रात्री, घाईत, मोबाईलच्या उजेडात ते डिझेलच्या टाकीत ओतले गेले, तर ते पाण्यासारखे तळाशी बसते, लाइनमध्ये जाते आणि वाळले की पांढरे खडे धरते; ते खडे गाडीतील इंधन-पंपाला पेट्रोलइतकेच नव्हे, कधीकधी त्याहून अधिक महाग पडतात. उलट डीईएफच्या टाकीत डिझेल पडले, तर तिथली रबरी सील आणि ते द्रव फवारणारी डोझिंगची यंत्रणा जाते. उसाच्या हंगामात रात्रंदिवस पंपावर येणाऱ्या गाड्या पाहता, बादली ओतण्याआधी झाकणाचा रंग पाहण्याची सवय कर्मचाऱ्यांना लावणे आवश्यक आहे. येथेही इग्निशन न लावता टाकी उतरवणे हाच उपाय आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहिण्यास बसलो, त्याकडे येतो. चूक झालेली कर्मचाऱ्याला पुष्कळदा तेथल्या तेथे कळलेली असते. नोझल परत ठेवताना हाताला कळते, डिस्पेन्सरवरचा दर पाहून कळते. तरीही तो बोलत नाही आणि गाडी जाऊ देतो. याला बेपर्वाई म्हणणे सोपे आहे. वास्तविक त्याला भीती असते की टाकीभर पेट्रोलचे पैसे, मिस्त्रीचे पैसे आणि वर गाडीवाल्याचा संताप, हे सारे आपल्या पगारातून कापले जाईल. महिन्याला बारा-पंधरा हजारांवर घर चालवणाऱ्या माणसाने अशा वेळी गप्प बसावे, यात मला आश्चर्य वाटत नाही. परंतु त्याच्या गप्प बसण्याची किंमत पुढे लाखात जाते आणि ती कधी गाडीवाला भरतो, कधी तक्रार झाल्यावर आपण भरता. वेतनविषयक कायद्यानुसार कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीपोटी पगारातून कपात करायची, तरी आधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. महिन्याच्या शेवटी पाकिटातून परस्पर पैसे कमी करणे त्यात बसत नाही. पण कायद्यापेक्षाही मला हिशोबाची बाजू महत्त्वाची वाटते. ज्याने चूक झाल्या क्षणी सांगितले, त्याचा एक रुपयाही कापला जाणार नाही, आणि ज्याने लपवले त्याला जाब द्यावा लागेल, असे आपण एकदा सर्वांसमोर, पाळी बदलताना, मोठ्याने सांगितले, तर वर लिहिलेले सगळे उपाय आपोआप कामाला येतील. हे न सांगता भिंतीवर कितीही सूचना लावल्या, तरी त्या भिंतीवरच राहतील.

हीच बाब तेल कंपन्यांच्या विक्री अधिकाऱ्यांनीही लक्षात घ्यावी. तपासणीच्या वेळी घनतेची नोंदवही पाहिली जाते, पाच लिटरचे माप पाहिले जाते, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह पाहिले जाते. चुकीचे इंधन पडल्यास काय करायचे, हे नोझलवरच्या एका कर्मचाऱ्याला अचानक विचारून पाहावे, एवढी भर त्यात घालण्यास खर्च नाही.

चूक मुळात होऊ नये यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. ‘झिरो बघा’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पंपावर बोलले जाते आणि गाडीवाल्याची मानही आपोआप मीटरकडे वळते. त्यात एक शब्द वाढवावा : ‘डिझेल, झिरो बघा’ किंवा ‘पेट्रोल, झिरो बघा’. गाडीवाल्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय नोझल दाबू नये. मोबाईलवर बोलत असलेल्या चालकाकडून मान हलवून मिळालेला होकार धरू नये. ज्यांची शंका येईल अशा गाड्यांचे झाकण कर्मचाऱ्याने स्वतः पाहावे, आणि दोन्ही इंधने एकाच डिस्पेन्सरवर असतील तेथे नव्या माणसाला पहिले काही दिवस एकट्याने ठेवू नये. दसरा-दिवाळीच्या गर्दीत आणि लग्नसराईत, जेव्हा तात्पुरती मुले नोझलवर उभी केली जातात, तेव्हा याची अधिक गरज असते.

पैसे कोणी द्यायचे, यावर वाद होतात आणि ते टाळता येण्याजोगे असतात. चालकाने स्वतः चुकीचे इंधन सांगितले असेल, तर खर्च त्याचा; त्याने बरोबर सांगूनही किंवा काहीच न सांगता कर्मचाऱ्याने न विचारता भरले असेल, तर पंपाने टाळाटाळ करू नये, असे माझे मत आहे. छापील पावतीवर पेट्रोलसाठी ‘एमएस’ आणि डिझेलसाठी ‘एचएसडी’ असे लिहून येते. ही अक्षरे बहुतेक ग्राहकांना कळत नाहीत, म्हणून पावती देताना तोंडी सांगावे. चूक मान्य झाल्यास तक्रार वहीत वेळ, गाडी क्रमांक, किती लिटर पडले आणि इंजिन सुरू झाले होते की नाही, एवढे दोघांच्या सहीने लिहून ठेवावे. यातली शेवटची नोंद सर्वांत मोलाची, कारण इंजिन सुरू झाले नसेल, तर पुढे कोणी पंपाच्या माथी नवा हाय-प्रेशर पंप मारू शकत नाही. अशा नोंदीने आपले जेवढे रक्षण होते, तेवढेच ग्राहकाचेही. वाद मिटला नाही, तर ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि तेथे आपल्या कॅमेऱ्याचे चित्रण मागितले जाणारच; ते पुसले जाण्याआधी बाजूला काढून ठेवावे. विम्यावर भिस्त ठेवून कोणालाही वाटेला लावू नये, कारण साध्या पॉलिसीत अशा नुकसानीचा दावा बहुधा फेटाळला जातो.

उपसलेल्या मिश्रणाचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या व्यवसायालाही लागू आहे. ते शेतातील पंपाच्या इंजिनात घालणे, स्टोव्हसाठी कोणाला देणे किंवा कचरा पेटवण्यासाठी वापरणे, हे तिन्ही प्रकार आपल्याकडे चालतात आणि तिन्हींत आगीचा किंवा स्फोटाचा धोका आहे. गटारात किंवा बांधावर ओतले, तर जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते अशा गावाच्या विहिरीत ते उतरण्याची शक्यता असते. झाकण घट्ट असलेल्या धातूच्या पिंपात, वर ‘पेट्रोल-डिझेल मिश्रण, वापरू नये’ असे लिहून, ते सावलीत ठेवावे आणि घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाला द्यावे. आपापल्या कंपनीने मराठवाड्यातील पंपांकडून असे मिश्रण ठराविक काळाने गोळा करण्याची सोय केली, तर लहान गॅरेजवालेही ते आपल्याकडे आणून देतील.

झिजलेला हाय-प्रेशर पंप उघडून दाखवला की नोझलवरच्या मुलामुलींना हे सारे पाच मिनिटांत समजते. ज्या पंपचालकांना पाळी बदलण्याच्या वेळी असा पंप, त्याचे खरचटलेले पिस्टन आणि भुकटीचे फडके दाखवायचे असेल, त्यांच्यासाठी आमच्या व्यवसायातील काही मंडळी विनामूल्य येण्यास तयार आहेत. उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे व्हावे, अशी इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
परभणी येथील एक डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्ती व्यावसायिक